डेअर काउंटी: तीन हिस्से पाणी आणि चालती वाळू

प्रश्न असा होता: नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहराजवळ राहणारं कुटुंब, आई-बाबा पुण्याहून आलेत, त्यांना घेऊन आउटर बँक्सला जायचंय, त्यातच मुलीला शाळेत तिथल्या डेअर काउंटीवर (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) प्रोजेक्ट आहे. नकाशावर ही काउंटी एवढी मोठी दिसते तर माणसं एवढी कमी कशी, हे डेअर नाव कोणाचं, आणि समुद्रात घरं कोसळतात ते व्हिडिओ खरे आहेत का, खरे असतील तर लोक तिथे बांधतातच कशाला. मी बावीस वर्षं याच किनाऱ्यावर वाळू मोजायचं काम करतेय, म्हणजे पुळणीचे उतार, वाळूची टेकाडं आणि इनलेटची, म्हणजे वाळूच्या बेटांमधून समुद्राचं पाणी आत-बाहेर जातं त्या तोंडांची, खोली मोजायची आणि तेच दर वर्षी परत मोजायचं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी आकडे सांगते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. डेअर काउंटीचं एकूण क्षेत्रफळ साधारण १,५६० चौरस मैल, पण त्यात जमीन फक्त ३८० च्या आसपास. तीन चतुर्थांश काउंटी पाण्याखाली! २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ३६,९१५ होती, उन्हाळ्यात मात्र तिथे एका वेळी दोन लाखांच्या वर माणसं असतात. आणि ती ३८० चौरस मैल जमीन तरी कुठे आहे बघा, तिचा मोठा भाग मेनलँडवर म्हणजे पश्चिमेला आहे आणि तो बहुतेक सगळा दलदल. तिथल्या दलदलीला पोकोसिन म्हणतात, हा मूळ अल्गोन्क्वियन लोकांचा शब्द. पायाखाली काळा पीट म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याचा थर, वर गच्च झुडपं, आणि अलिगेटर रिव्हर वाइल्डलाइफ रेफ्यूज, जिथे १९८७ मध्ये लाल लांडगे पुन्हा रानात सोडले. रॅलीहून यूएस ६४ हायवेने याल तेव्हा शेवटचा तासभर ज्या निर्मनुष्य झाडीतून गाडी जाते त्यातला बराच भाग डेअर काउंटीतच येतो, लोकांना वाटतं काउंटी अजून यायचीय. काळी अस्वलं भरपूर आहेत, संध्याकाळी हळू चालवा.

मेनलँडच्या पुढे रोअनोक बेट, तिथे मॅन्टिओ हे काउंटीचं मुख्यालय आणि दक्षिण टोकाला वॉनचीज हे मासेमारीचं गाव. त्याच्याही पुढे, उघड्या अटलांटिकला छाती लावून उभा असलेला वाळूचा लांब बारीक दांडा म्हणजे आउटर बँक्स. उत्तरेकडून डक, सदर्न शोर्स, किटी हॉक, किल डेव्हिल हिल्स, नॅग्स हेड, मग ओरेगॉन इनलेट ओलांडलं की हॅटरस बेट आणि त्यावरची सात गावं: रोडॅन्थी, वेव्ह्ज, साल्व्हो, एव्हन, बक्स्टन, फ्रिस्को, हॅटरस. प्रोजेक्टमध्ये एक चूक नेहमी होते ती टाळा, शेजारचं ओक्राकोक बेट डेअरमध्ये नाही, ते हाइड काउंटीत आहे, आणि जंगली घोड्यांचं करोला करिटक काउंटीत. आणि Bodie आयलंडचा उच्चार बॉडी असा करा, बोडी म्हटलं की लोकांना लगेच कळतं तुम्ही बाहेरचे.

आता बेटं आणि मेनलँड यांच्यामधलं पाणी, त्याला इथे साउंड म्हणतात. आपण कोकणातली माणसं त्याला पटकन खाडी म्हणतो, पण खाडी म्हणजे नदीच्या मुखात शिरलेला समुद्र, तिथे चंद्राप्रमाणे भरती-ओहोटी. पॅम्लिको साउंड ही सरोवरासारखी पसरलेली उथळ थाळी आहे, लांबी ८० मैलांच्या आसपास आणि सरासरी खोली जेमतेम पाच-सहा फूट, माणूस कितीतरी ठिकाणी चालत लांबवर आत जातो. समुद्राशी जोडणारी तोंडं इतकी अरुंद की चंद्राची भरती आत नीट पोचतच नाही, पाणी चढतं-उतरतं ते वाऱ्यावर. आणि रुंदी एवढी की बेटावरून पलीकडचा काठ दिसत नाही. १५२४ मध्ये व्हेराझानो हा इटालियन दर्यावर्दी फ्रान्सच्या राजासाठी इथून जात होता, त्याने वाळूच्या दांड्यापलीकडे पसरलेलं पाणी पाहिलं आणि हाच पॅसिफिक असं समजला! तिथे उभं राहिलं की त्याची चूक अगदी समजण्यासारखी वाटते.

हा दांडा आला कुठून, हे कळलं की बाकीचं सगळं कळतं. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता, किनारा कितीतरी पूर्वेला होता. बर्फ वितळत गेला, समुद्र चढत गेला आणि वाळूचे हे पट्टे त्याच्या पुढे पुढे सरकत पश्चिमेला आले. बेटाखाली खडक नाही, कातळ नाही, आपल्या रत्नागिरीसारखा सडा नाही, फक्त वाळू आणि मध्ये जुन्या चिखलाचे थर. नवी वाळूही येत नाही, कारण रोअनोक, टार, न्यूस या नद्या आपला गाळ साउंडच्या आतच टाकतात, समुद्रापर्यंत पोचवत नाहीत. म्हणजे पुळणीवर आहे तीच वाळू लाटा वर्षानुवर्षं इकडून तिकडे नेतात, एकंदरीत हॅटरसच्या टोकापर्यंत उत्तरेकडून दक्षिणेकडे.

आणि बेट पश्चिमेला सरकतं ते कसं? वादळात समुद्राचं पाणी टेकाडं फोडून आडवं बेटावरून वाहतं आणि पुढची वाळू उचलून मागे साउंडच्या बाजूला पसरवतं. पुढून झिजतं तेवढं मागे भरतं, त्या भरावावर गवत येतं, खाजण वाढतं, बेट तेवढंच रुंद राहतं, फक्त काही फूट पश्चिमेला गेलेलं असतं. वादळानंतर पुळणीवर कधीकधी काळा चिकट पीट उघडा पडतो, त्यात गवताची मुळं तशीच असतात. तो एकेकाळी बेटाच्या मागच्या बाजूचं खाजण होता! बेट त्याच्यावरून चालत पलीकडे गेलं. पहिल्यांदा तो पीट हातात घेतला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आजही नव्या लोकांना मी आधी तेच दाखवते.

आता नाव. १५८४ मध्ये इंग्रजांची पहिली टेहळणी इथे आली आणि परत जाताना मॅन्टिओ आणि वॉनचीज या दोन स्थानिक माणसांना इंग्लंडला घेऊन गेली, आजच्या दोन्ही गावांची नावं त्यांचीच. १५८५ मध्ये सैनिकी तुकडी आली, वर्षभरात परत गेली. १५८७ मध्ये जॉन व्हाइटबरोबर बायका-मुलांसकट शंभराच्या वर माणसं रोअनोक बेटावर वसायला आली आणि १८ ऑगस्टला व्हाइटच्या मुलीला मुलगी झाली, व्हर्जिनिया डेअर, अमेरिकेत इंग्रज आईबापांच्या पोटी जन्मलेलं पहिलं मूल. काउंटी १८७० मध्ये करिटक, टिरेल आणि हाइड यांचे तुकडे जोडून झाली आणि तिला या बाळाचं नाव दिलं.

व्हाइट रसद आणायला इंग्लंडला गेला, तिकडे स्पेनशी युद्ध पेटलं, त्याला परतायला तीन वर्षं लागली. १५९० मध्ये आला, योगायोगाने नातीच्या वाढदिवसालाच, तर वस्ती रिकामी आणि लाकडी खांबावर कोरलेलं क्रोएटोअन. त्यांचं ठरलेलं होतं की हललो तर जायच्या जागेचं नाव कोरू आणि संकट असेल तर वर क्रॉस काढू. क्रॉस नव्हता. क्रोएटोअन म्हणजे आजचं हॅटरस बेट, मॅन्टिओच्या लोकांचं गाव. वादळामुळे व्हाइटला तिथपर्यंत जाताच आलं नाही. लोक याला भुताखेतांची गोष्ट करून विकतात, ते मला पटत नाही. जुन्या सायप्रस झाडांच्या वर्षवलयांवरून दिसलंय की १५८७ ते १५८९ हा इथला आठशे वर्षांतला सगळ्यात कडक दुष्काळ होता. धान्य नाही, गोड्या पाण्याचे वांधे, जहाज येत नाही, मग माणसं ओळखीच्या लोकांकडे जाणारच ना. सगळी गेली की फुटून गेली यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण मुलीने प्रोजेक्टमध्ये गूढ वगैरे लिहायच्या आधी तो दुष्काळ लिहावा. आणि हेही, की ज्या इनलेटमधून ही जहाजं ये-जा करत होती ती आज नकाशावर नाहीत, वाळूने बुजलीत.

या वाळूनेच पुढचा सगळा इतिहास घडवला असं मी म्हणते. हॅटरसच्या टोकाजवळ दक्षिणेकडून येणारा गरम गल्फ स्ट्रीम प्रवाह आणि उत्तरेकडून येणारं थंड पाणी भेटतं आणि टोकापासून समुद्रात मैलोन्मैल डायमंड शोल्स नावाची वाळू पाण्याखाली पसरलीये, दर वादळात तिची जागा बदलते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गलबतांना इथूनच वळावं लागायचं. शेकडो जहाजं गेली. अमेरिकेच्या यादवी युद्धातली (सिव्हिल वॉर) लोखंडी युद्धनौका मॉनिटर १८६२ च्या ३१ डिसेंबरला हॅटरसपासून १६ मैलांवर बुडाली, १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी याच पट्ट्यात इतकी जहाजं टिपली की रात्री किनाऱ्यावरून आगी दिसायच्या.

म्हणून १८७४ पासून इथे अडकलेल्या जहाजांवरची माणसं वाचवणारी लाइफसेव्हिंग स्टेशनं उभी राहिली, रोडॅन्थीचं चिकमकॉमिको स्टेशन आजही बघता येतं, बाबांना नक्की दाखवा. पण मला ज्यांच्याबद्दल सांगायचंच आहे ते पी आयलंडचे, म्हणजे हॅटरस बेटाच्या उत्तर भागातले लोक. १८६२ मध्ये युनियनच्या म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांच्या फौजेने रोअनोक बेट घेतलं, तेव्हा पळून आलेल्या गुलाम माणसांची तिथे मोठी वसाहत झाली, शाळा, घरं, चर्च, आणि १८६७ मध्ये सरकारने ती बंद केली, जमिनी जुन्या मालकांना परत. गुलामीत जन्मलेला रिचर्ड एथरिज युनियनकडून लढला आणि १८८० मध्ये पी आयलंड स्टेशनचा प्रमुख झाला, त्याच्या हाताखाली सगळे काळे जवान, देशात असं दुसरं स्टेशन नव्हतं. ११ ऑक्टोबर १८९६ च्या वादळात ई. एस. न्यूमन नावाचं गलबत किनाऱ्याजवळ अडकलं, पाणी इतकं चढलं होतं की होडी घालता येईना, दोर फेकायची तोफ रोवायला कोरडी जागा नाही. मग दोघा-दोघांना दोराने बांधून पोहत पाठवलं, पुन्हा पुन्हा, आलटून पालटून, आणि जहाजावरची नऊच्या नऊ माणसं बाहेर काढली, त्यात कप्तानाचं लहान मूल होतं. पदक मिळालं १९९६ मध्ये, शंभर वर्षांनी. मॅन्टिओमध्ये त्यांचं छोटं म्युझियम आहे, अर्धा तास काढा.

राइट बंधूंचंही तेच, त्यांना वाळू हवी होती. ओहायोतल्या डेटनचे हे सायकलवाले, वेदर ब्युरोकडून वाऱ्याची माहिती मागवली, किटी हॉकहून उत्तर आलं की सलग वारा आहे, मोकळी मऊ वाळू आहे, झाडं नाहीत. १९०० पासून येत राहिले आणि १७ डिसेंबर १९०३ ला चार उड्डाणं केली, पहिलं १२ सेकंदांचं १२० फूट, शेवटचं ५९ सेकंदांचं ८५२ फूट. तो प्रसिद्ध फोटो काढणारा जॉन डॅनियल्स लाइफसेव्हिंग स्टेशनचाच माणूस होता. पण बहुतेक लोकांना पुढची गोष्ट माहीत नसते, की ज्या टेकाडावरून ते ग्लायडर सोडायचे ते किल डेव्हिल हिल वाऱ्याने काहीशे फूट सरकलं होतं. तिथे स्मारक बांधायचं ठरल्यावर १९२८ च्या सुमारास आधी सगळ्या टेकाडावर गवत लावून ते जागेवर खिळवलं आणि मग १९३२ मध्ये वर ६० फुटांचा ग्रॅनाइटचा मनोरा उभा केला. मोकळं टेकाड कसं असतं ते बघायचं तर पाच-सात मैल खाली जॉकीज रिजला जा. तेही बंगले बांधायला सपाट होणार होतं, १९७३ मध्ये कॅरोलिस्टा बॉम नावाची बाई बुलडोझरसमोर जाऊन उभी राहिली म्हणून वाचलं, १९७५ मध्ये स्टेट पार्क झालं. संध्याकाळी जा, दुपारी वाळू भाजते, आई-बाबांचे पाय पोळतील.

आता घरांचा प्रश्न. हो, व्हिडिओ खरे आहेत. २०२० पासून रोडॅन्थी आणि बक्स्टन मिळून दहापेक्षा कितीतरी जास्त घरं समुद्रात गेलीयेत. रोडॅन्थीच्या काही भागात वर्षाला दहा ते पंधरा फूट पुळण जाते. ही घरं कोणी समुद्रात बांधली नव्हती, त्यातली बरीचशी बांधली तेव्हा पुढे टेकाड होतं, रुंद पुळण होती. पाणी घराखाली आलं की आधी सेप्टिक टँक उघडा पडतो, मग जिना जातो, मग एखाद्या रात्री खांब. आणि लाकूड, खिळे, इन्सुलेशन पंधरा मैल पुळणीवर पसरतं, म्हणून तिथे अनवाणी चालू नका, हे अगदी गांभीर्याने सांगतेय.

मूळ चूक शोधायची तर १९३० च्या दशकात जायला लागतं. तेव्हा सरकारी रोजगार योजनेतून हजारो माणसांनी काड्यांची कुंपणं आणि गवत लावून किनाऱ्याभर टेकाडांची सलग भिंत उभी केली, हेतू चांगला होता. पण त्या भिंतीने वादळाचं पाणी आडवं जायचं थांबलं, म्हणजे मागे वाळू भरायची थांबली. पुढून झीज चालूच. बेट सरकायच्या ऐवजी बारीक होत गेलं. भिंतीच्या भरवशावर मागे एनसी १२ रस्ता आला, रस्त्याच्या भरवशावर घरं आली, आणि आता प्रत्येक वादळानंतर बुलडोझर रस्त्यावरची वाळू उचलून परत समुद्राच्या बाजूला रचतात, जी वाळू खरं तर साउंडकडे जायला हवी होती. मी स्वतः त्या कामाच्या मोजण्या केल्यात, रस्ता उघडा राहणं किती गरजेचं आहे तेही मला कळतं, तिकडच्या गावांना हॉस्पिटलला जायला दुसरा रस्ता नाही. तरी जे दिसतं ते दिसतं.

बेट तुटतंही. १८४६ च्या सप्टेंबरमधल्या एका वादळाने ओरेगॉन आणि हॅटरस ही दोन्ही इनलेट उघडली. मार्च १९६२ च्या वादळात बक्स्टन आणि एव्हनच्या मध्ये फाटलं, २००३ मध्ये इझाबेल वादळाने हॅटरस गावाच्या वर फाडलं आणि गाव दोन महिने रस्त्यापासून तोडलं, २०११ मध्ये आयरीन वादळाने पी आयलंडवर. आयरीनचं विशेष असं की नुकसान समुद्राने कमी आणि साउंडने जास्त केलं. वादळ येताना वारा साउंडचं पाणी पश्चिमेला नद्यांत ढकलतो, केंद्र पुढे गेलं की वारा फिरतो आणि ते सगळं पाणी एकदम मागून बेटावर येतं. लोक समुद्राकडे बघत बसतात आणि पाणी पाठीमागच्या अंगणातून शिरतं. साउंडच्या बाजूला घर भाड्याने घेणार असाल तर हे लक्षात ठेवा.

ओरेगॉन इनलेट उघडल्यापासून दोन मैलांहून जास्त दक्षिणेला सरकलंय. १९६३ चा जुना पूल बांधला तेव्हा जहाजांसाठी एकच ठरलेली कमान होती आणि वाहतं पाणी तिथून हलत राहिलं, वर्षानुवर्षं गाळ उपसून त्याला कमानीखाली आणावं लागलं. २०१९ मध्ये उघडलेल्या २.८ मैलांच्या बॅसनाइट पुलाला उंच कमानी एकापेक्षा जास्त ठेवल्या, पाणी जिथे जाईल तिथून जहाज जाऊ शकेल. रोडॅन्थीजवळ २०२२ पासून रस्ताच बेट सोडून साउंडवरून २.४ मैल वळसा घालून येतो. हे दोन्ही पूल बघताना मला समाधान वाटतं, कारण त्यात वाळू हलणार हे आधी धरलंय.

आणि यात सगळ्यात मोठं काम म्हणजे हॅटरसचं दीपगृह. १८७० चं, विटांचं, जवळपास २०० फूट उंच, बांधलं तेव्हा समुद्र १,५०० फुटांवर होता. १९३५ पर्यंत लाटा पायाशी आल्या, काही वर्षं दिवा दुसरीकडे हलवला, नंतर बांध घातले, वाळू ओतली, वाळूच्या पिशव्या रचल्या. शेवटी १९९९ मध्ये ४,८०० टनांचं हे दीपगृह जॅकवर उचलून रुळांवरून २३ दिवसांत २,९०० फूट मागे नेलं, एक वीट न पडता. तेव्हा इथे प्रचंड विरोध होता, पडेल म्हणत होते, आपल्या आजोबा-पणजोबांची जागा सोडायची नाही म्हणत होते, आणि ते दुःख खरं होतं. पण समुद्रापासून त्याला पुन्हा १,६०० फूट मिळाले. जुन्या जागेवर जा आणि तिथून आत दीपगृहाकडे बघा, मुलीला अंतर डोळ्याने कळेल.

मग लोक बांधतात कशाला, तर इथली बहुतेक सगळी कमाई पर्यटनावर आहे आणि समुद्राला लागून असलेल्या घराचं आठवड्याचं भाडं मागच्या घराच्या कितीतरी पट असतं. बांधायचं तर पुळणीच्या गवतापासून मागे राहावं लागतं, लहान घरांना वर्षाच्या सरासरी धुपीच्या तीसपट अंतर, समुद्रासमोर काँक्रीटची भिंत घालायला राज्यात १९८५ पासून बंदी आहे, आणि ती बंदी बरोबर आहे, भिंतीपुढची पुळण संपते. राहता राहिलं बाहेरून वाळू आणून टाकणं. नॅग्स हेडने २०११ मध्ये दहा मैलांवर ४६ लाख घनयार्ड वाळू टाकली, उपयोग झाला, पण काही वर्षांनी पुन्हा टाकावी लागते. दुसरीकडे पुराचा सरकारी विमा घर पडल्यावर पैसे देतो, पडायच्या आधी हलवायला नाही, त्यामुळे मालक वाट बघत बसतो. २०२३ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसने रोडॅन्थीतली दोन घरं विकत घेऊन आधीच पाडली, पुळण स्वच्छ राहिली. माझ्या मते पैसा तिकडे जायला हवा.

जायच्या दिवशी सकाळी एनसी १२ उघडा आहे का ते बघून निघा, ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस वाहत असेल तर हॅटरस बेटाचा बेत पुढे ढकला. लाल झेंडा असेल तर गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह, इथे दर वर्षी माणसं नेतो. डकला आर्मी कोअरचं, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर विभागाचं, संशोधन केंद्र आहे, १९७७ पासूनचं, समुद्रात शिरलेला ५६० मीटर लांब पिअर म्हणजे धक्का, लाटा आणि वाळूची एवढी सलग मोजणी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. मुलीच्या प्रोजेक्टला नकाशा हवा असेल तर एकच काढू नका, दोन काढा, एक १८५० च्या आसपासचा आणि एक आजचा, आणि दोन्हींवर ओरेगॉन इनलेट लाल पेनाने रंगवायला सांगा.